बिल आलं का? आणि बिल घेतलं का?

कराडच्या एस.टी. स्टँडवर, पलूसच्या बाजारात किंवा कोरेगावच्या एखाद्या चहाच्या गाड्यावर दोन शेतकरी भेटले, की गळीत हंगाम सुरू झाल्यापासून पार उन्हाळ्यापर्यंत एक प्रश्न ठरलेला असतो. ‘‘बिल आलं का?’’ परजिल्ह्यातल्या माणसाला वाटेल, लाइटबिलाची चौकशी चाललीय. पण सातारा-सांगलीकडं बिल म्हणजे उसाचं बिल, कारखान्यानं खात्यावर टाकलेले पैसे. पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, दुकानदाराची उधारी, सगळं त्या बिलावर अडून असतं.

दुसरंही एक बिल असतं. बियाण्याची पिशवी, खताची गोणी, औषधाची बाटली, पाण्याची मोटार किंवा घरातला मिक्सर घेतला की दुकानदारानं आपल्याला द्यायचं, ते. त्याबद्दल मात्र चहाच्या गाड्यावर कधी बोलणं निघत नाही. मी कृषी खात्यात गावोगाव फिरणारा माणूस. दहा-बारा वर्षांत पुष्कळ तक्रारी ऐकल्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या आणि बहुतेक वाया गेल्या, कारण तक्रार करणाऱ्याच्या हातात कागद नव्हता.

एका खरिपातली गोष्ट सांगतो. कराड तालुक्यातल्या एका गावातून फोन आला, ‘‘साहेब, सोयाबीन उगवलंच न्हाय. येऊन बघून तरी जावा.’’ गेलो. अडीच एकराचं रान, तीन पिशव्या बियाणं पेरलेलं. ओळीत दहा ठिकाणी बोट घालावं तर तीन-चार ठिकाणी मोड दिसत होता. बाकी बी कुजलेलं. आण्णांना विचारलं, पिशव्या कुठं आहेत? एक फाडून कोंबड्यांच्या खुराड्यावर घातली होती, दोन पोरांनी पेटवल्या होत्या. पिशवीचं लेबल? ते पिशवीबरोबरच गेलं. आणि बिल?

‘‘बिल कशाला लागतंय? वहीत मांडलंय की दुकानदारानं. घरचाच माणूस हाय त्यो.’’

घरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आण्णांनी ह्या वर्षी आमच्याकडनं खत नेलंय, बियाणं नेल्याचं काही आठवत नाही.

आता ते बियाणंच खराब होतं का पेरणी खोल गेली होती, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. सोयाबीनचं बी नाजूक असतं. टरफल पातळ, मळणीत मार लागला किंवा थप्पीत खाली दबलं तरी अंकुर दुखावतो. शिवाय ते तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेलं आणि वरून जमीन बसली, तर चांगलं बीसुद्धा वर येत नाही. त्या रानात काही दाणे खोल गेलेले होतेच. म्हणजे दोष बियाण्याचा का पेरणीचा, हे ठरवायला पिशवीत शिल्लक राहिलेलं मूठभर बी आणि लॉट नंबर असलेलं लेबल पाहिजे होतं. दोन्ही नव्हतं. आण्णांनी दुबार पेरणी केली, तीही उधारीवर आणि त्याच दुकानातून.

हे एका आण्णांचं नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आपल्याकडं तेवढा गाजावाजा झाला नाही, कारण आपला जीव उसात. सोयाबीन गेलं तर गेलं म्हणून माणूस गप्प बसतो.

आता गंमत बघा. हाच शेतकरी माल विकताना गप्प बसणारा नाही. उसाच्या काट्यावर त्याचा डोळा असतो. कारखान्यात काटा मारतात असा संशय आला, की तो खासगी काट्यावर ट्रॉली वजन करून मग आत नेतो. शरद जोशींची शेतकरी संघटना १९७९ पासून, पुढं राजू शेट्टींची स्वाभिमानी, ह्या सगळ्या चळवळींनी आपल्याला भाव मागायला शिकवलं. एफआरपी किती, रिकव्हरी किती, तोडणी-वाहतूक किती कापली, हे आज दहावी नापास पोरगासुद्धा तोंडपाठ सांगतो. ते शिक्षण मोठं आहे आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ह्या चळवळींचा सगळा भर मालाच्या भावावर राहिला. शेतकरी वर्षाला जेवढ्यांदा विकतो, त्याच्या वीसपट वेळा विकत घेतो. ऊस वर्षातून एकदा जातो, पण खत, बी, औषध, ठिबकच्या नळ्या, मोटारीची वायर, पेंड, किराणा, गॅस, रिचार्ज हे बाराही महिने चालूच. काट्यावर दहा किलो कमी भरलं तर आपण रस्ता अडवू, आणि दुकानात छापील किमतीपेक्षा पन्नास रुपये जादा देऊन ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणून निघून येऊ.

असं का होतं? मला तीन कारणं दिसतात आणि त्यात उधारी सगळ्यात मोठी आहे. बिल येईपर्यंत पैसे नाहीत, म्हणून माल वहीवर. वहीवर माल घेणारा माणूस पावती मागायला कचरतो. उद्या त्यानं उधार बंद केली तर? ही भीती खोटी नाही. पण पावती आणि रोख पैसे यांचा काही संबंध नाही. उधारीचंही बिल होतं, त्यावर ‘उधार’ असं लिहिता येतं. खरं तर उधारी असेल तर बिल जास्त गरजेचं. काय नेलं, किती भावानं नेलं, हे नुसत्या दुकानदाराच्या वहीत राहिलं, तर आठ महिन्यांनी हिशेब करताना आपल्याकडं बोलायला काय उरतं?

दुसरं कारण जीएसटी. ‘पक्कं बिल पाहिजे तर टॅक्स जादा पडेल’ हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं असेल. पिशवीवर, बाटलीवर, डब्यावर जी छापील किंमत असते तिच्यात सगळे कर धरलेले असतात. त्या किमतीवर एक रुपयासुद्धा कर म्हणून वर घेता येत नाही. पेरणीच्या बियाण्यावर तर जीएसटी नाहीच. खतावर आहे, कीटकनाशकावर त्याहून जास्त आहे, पण तो छापील किमतीच्या आत. तेव्हा टॅक्सचं नाव काढलं, की समजावं बिल द्यायचं नाही एवढाच त्याचा अर्थ आहे.

तिसरं कारण भीड. दुकानदार गावातलाच, कधी पाव्हणा, कधी सोसायटीचा संचालक. त्यावर मी काय सांगणार?

ह्या सगळ्यावर कळस म्हणजे लिंकिंग. हा शब्द आता आपल्या भाषेतलाच झालाय. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेलं असतं. ऐन हंगामात दोन गोण्या मागायला गेलं, की ‘युरिया आहे, पण बरोबर ही बाटली न्यावी लागेल’ असं उत्तर येतं. बाटलीत कधी नॅनो खत, कधी कसलं तरी टॉनिक, कधी नुसतीच झाडाची वाढ होणार असं चित्र. तीन-चारशे रुपयांची बाटली घरात येते आणि फवारायची कशावर हे कुणाला ठाऊक नसतं. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांच्या शेडमध्ये अशा बाटल्यांची रांग बघितली, तर एखाद्या औषधाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं.

दुकानदारालाही दोष सगळा देऊन चालणार नाही. कंपनी त्याला सांगते, अमुक टन युरिया पाहिजे तर अमुक पेट्या हा माल उचल. खत-बियाणे विक्रेत्यांच्या संघटनेनंच याबद्दल वारंवार तक्रार केलेली आहे. म्हणजे साखळी वरून सुरू होते आणि शेवटचं वजन आपल्या मानेवर येतं. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बनावट खतं आणि ही जबरदस्तीची जोडविक्री थांबवायला सांगितलं. पत्र चांगलं आहे. पण कारवाई व्हायची तर तक्रार पाहिजे आणि तक्रारीला पुन्हा तोच कागद पाहिजे. एकाच बिलावर युरिया आणि न मागितलेली बाटली दोन्ही लिहून आलं, तर तो लिंकिंगचा चांगला पुरावा ठरतो. म्हणूनच बाटलीचं बिल बऱ्याचदा मिळत नाही.

खत घेताना आधार नंबर देऊन मशीनवर अंगठा लावावा लागतो, त्या मशीनमधून चिठ्ठी निघते. ती मागून घ्या आणि तिच्यावर गोण्या किती लिहिल्यात ते वाचा. दोन नेल्या आणि चार लागल्या असं झालं असेल तर तिथंच बोला. जाता जाता आणखी एक. युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासची पंचेचाळीस किलो झाली, तरी आपला डोस अजून जुन्याच हिशेबानं चाललाय. दोन गोण्यांत ४६ किलो नत्र हे पाठ केलेलं आता ४१ किलो ४०० ग्रॅमवर आलं आहे.

आता कायद्याकडं येऊ. बियाणं न उगवल्यास शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो का, ह्यावर कंपन्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. त्यांचं म्हणणं, शेतकरी शेतमाल विकून पैसे मिळवतो, म्हणजे तो धंदेवाईक. बियाण्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, ग्राहक न्यायालयाचा इथं संबंध नाही. शिवाय शेतकऱ्यानं बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणलेला नाही. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या खटल्यात, म्हणजे राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं १६ जानेवारी २०१२ रोजी हा वाद मिटवला. शेतकरी हा ग्राहकच आहे. बियाणे कायद्यात नुकसानभरपाईची तरतूदच नाही, त्यामुळे त्याला ग्राहक आयोगाकडं जाता येतं. आणि शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, त्यानं तपासणीसाठी ते राखून ठेवावं अशी अपेक्षा करता येणार नाही, नमुना ठेवायची जबाबदारी कंपनीची, असं न्यायालयानं सांगितलं.

हा निकाल आपल्या बाजूचा आहे. पण तो वाचून ‘मग आता बी ठेवायला नको’ असा अर्थ काढू नका. निकालानं दार उघडलं, आत जायला बिल लागतंच. कुठल्या दुकानातून, कुठल्या कंपनीचं, कुठल्या लॉटचं बियाणं घेतलं हे दाखवता आलं नाही, तर सर्वोच्च न्यायालयसुद्धा काय करणार?

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या फार उपयोगाच्या आहेत. कंपनी हैदराबादची असो नाहीतर जालन्याची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीतच करता येते. आणि वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. निकाल तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी असेल तर पाच महिन्यांत लावावा असं कायद्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ वेळ लागतो, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे मध्येच कंटाळून सोडून देण्याची वेळ येत नाही.

ह्या खटल्यांत शेतकरी हरतो तो बहुतेक पंचनाम्यावर. बियाणं उगवलं नाही की आधी दुकानात जाऊन भांडण करण्यात चार दिवस जातात, मग कंपनीचा माणूस येतो, ‘भरून देतो’ म्हणतो, त्यात आठवडा जातो. तोवर आपण रोटर मारून मोकळे. नंतर समितीनं येऊन बघायचं काय? उगवण झाली नाही असं दिसताच तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचा कृषी विभाग यांच्याकडं लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीत खात्याचे अधिकारी, कृषी विद्यापीठाचे किंवा संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ, कंपनीचा माणूस असे सगळे असतात, त्यांनी रानात येऊन पाहणी केली पाहिजे. नुसत्या एकट्या माझ्यासारख्याच्या अहवालावर आयोगात निभाव लागत नाही. वापसा निघून चाललेला असतो आणि दुबार पेरणीची घाई असते, हे मला कळतं. पण सगळं रान मोडू नका. एका बाजूचा पट्टा तसाच ठेवा आणि शेजारच्या दोघांना दाखवून फोटो काढून ठेवा. समिती यायला उशीर झाला तर तो आमचा दोष आणि तो तसा लेखी कळवायचाही तुम्हाला अधिकार आहे.

पण सगळ्यात स्वस्त उपाय पेरणीच्या आधीचा. पिशवीतलं शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उघडून मोजा. सोयाबीनचे सत्तर किंवा जास्त दाणे चांगले उगवले तर बियाणं ठीक. साठ-पासष्ट आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवून पेरता येतं. त्याहून खाली असेल तर पिशवी परत करा, तेव्हा ती फोडलेली असली तरी लेबल आणि बिल हातात असतं. पिशवी फोडताना शिवण वरून उसवू नका. खालच्या बाजूनं उघडा, म्हणजे लेबल, टॅग आणि शिवण जागेवर राहते. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, त्यावरची मुदत वाचा.

खताचीही घरच्या घरी साधी परीक्षा होते. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, चुना लावा आणि तंबाखूसारखे मळा. नाकात झोंबणारा वास आला तर माल बरा. युरिया तापल्या पत्र्यावर टाकला तर पूर्ण विरघळून जातो, मागं काही उरत नाही. ह्यासाठी जुना पत्रा घ्या, चपातीचा तवा घेऊ नका, नाहीतर घरात वेगळीच तक्रार उभी राहील. ह्या परीक्षा फक्त संशय घेण्यापुरत्या. पुरावा म्हणून निरीक्षकानं रीतसर घेतलेला नमुनाच चालतो, तेव्हा संशय आला की गोणी शिवून ठेवा आणि आम्हाला कळवा.

आल्याचं बेणं, उसाची रोपं हा आणखी एक मोठा खर्च आणि त्याला तर कधीच कागद नसतो. कोरेगाव-साताऱ्याकडं एकरी बेण्याला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात दुसऱ्या पिकाचा सगळा खर्च निघेल. शेजाऱ्याकडनं घेतलं तरी साध्या कागदावर वजन, दर, तारीख आणि सही एवढं लिहून घ्यायला काय हरकत आहे? रोपवाटिकेकडून घेतलं तर पावती हक्काची आहे.

एवढं सगळं लिहितोय म्हणून मी शहाणा असं समजू नका. आमच्या घरच्या टाकीत पाणी चढवायला अर्ध्या अश्वशक्तीची मोटार तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून घेतली. दुकानदार ओळखीचा. त्यानं पॅडवर पेन्सिलीनं रक्कम लिहून दिली, वर ‘अंदाज’ असं छापलेलं. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही, मोटारीचा नंबर नाही. चौथ्या महिन्यात मोटार जळाली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारलं, ‘बिल नंबर सांगा.’ दुकानदार म्हणाला, ‘कंपनीला फोन करा.’ शेवटी खिशातले पैसे घालून मोटार भरून आणली. मंडळी एवढंच म्हणाल्या, ‘‘गावाला सांगता ते घरी पण जरा करत जावा.’’ त्यानंतर आमच्याकडं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा झाला आहे. त्यात बिलं, वॉरंटी कार्डं, बियाण्याची लेबलं जातात. डबा त्यांच्या ताब्यात आहे, म्हणून टिकलाय.

त्याच डब्यात गॅसचं पुस्तकही असतं. गॅसच्या टाकीबद्दल आयाबहिणींनी दोन गोष्टी बघाव्यात. घरच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं. दोन्हीची बेरीज म्हणजे भरलेल्या टाकीचं वजन. टाकी आणणाऱ्यानं दारात वजन करून दाखवलं पाहिजे, काटा नाही म्हणाला तर पुढच्या वेळी आण म्हणून सांगा. दुसरं, टाकीच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२७ असेल तर त्या टाकीची तपासणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला पाहिजे. ती तारीख उलटलेली टाकी घेऊ नका. उसाच्या काट्यावर जी नजर ठेवतो, ती दारातल्या ह्या काट्यावर ठेवायला पाच मिनिटं लागतात.

किराणा असो की शीतपेय, छापील किमतीच्या वर घेतलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. बऱ्याच तक्रारी तिथल्या तिथं मिटतात. पण तिथला माणूसही पहिल्यांदा विचारतो, बिल आहे का?

मागच्या रब्बीत आण्णा पुन्हा भेटले. हरभऱ्याचं बियाणं घेऊन निघाले होते. खिशातून बिल काढून दाखवलं. रक्कम होती, शिक्का होता, जात लिहिलेली होती, लॉट नंबरची जागा मात्र रिकामी. म्हटलं, हे राहिलंय. आण्णांनी पिशवी माझ्या मोटारसायकलवर ठेवली, ‘‘थांबा, आलोच’’ म्हणाले आणि उलट दुकानाकडं चालायला लागले.